परक्या तोंडची तारीफ

माय, परवा तुझ्या नातीच्या दवाखान्याचं उद्घाटन आहे आणि तिनं मला चार शब्द बोलायला सांगितलं आहे. दवाखाना म्हणजे सुई टोचणारा नव्हे, फिजिओथेरपीचा. गुडघे, कंबर, मान, खांदे, माणसाचं जे जे म्हणून आखडतं ते ती व्यायाम देऊन मोकळं करते. अमरावतीत आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून गाळा घेतलाय, भिंतींना फिकट हिरवा रंग दिलाय, एका कोपऱ्यात भला मोठा निळा चेंडू आणून ठेवलाय. तू असतीस तर उंबऱ्यातच थांबून म्हणाली असतीस, "हा का रंग हाय व? शेवाळ चढल्यावानी दिसून राहिला." आणि आम्ही ओळखलं असतं की तुला दवाखाना फार आवडला.

बोलण्याची मला भीती नाही. इतकी वर्षं शाळेत शिकवते, माईक हातात दिला तर लोकांनाच तो काढून घ्यावा लागतो. अडचण वेगळीच आहे. दोन आठवड्यांपूर्वी जेवताना ती म्हणाली, "आई, पाहुण्यांचे आभार मी मानीन, दिवा कोण लावणार ते बाबा सांगतील. तू फक्त माझ्याबद्दल एक चांगलं वाक्य बोल. एकच. मी अजून तुझ्या तोंडून ऐकलेलं नाही." म्हणाली हसतच, पण घास हातात तसाच राहिला होता. मी म्हटलं, "आधी जेव, वरण थंड होऊन राहिलं." ती जेवली. मी मात्र तेव्हापासून ते एक वाक्य शोधते आहे. वाक्य सापडतं, तोंडापर्यंत येतं आणि तुझ्या धाकानं परत आत जातं. शाळेतल्या चाळीस पोरांना मी दिवसभर शाबासकी देते, लोकांच्या लेकरांना वाघ म्हणते, सिंह म्हणते. माझ्या स्वतःच्या पोरीला आजवर म्हटलं काय, तर धांदरट.

पुढं लिहिण्याआधी एक गोष्ट नोंदवून ठेवते. तुझ्या भाजीत मीठ जरा जास्तच असायचं. हं, आता बिनधास्त लिहिता येईल.

आपल्या घरात तोंड उघडणं मोठं जोखमीचं काम होतं. घर सगळं ऐकतं आणि प्रत्येक वाक्याला तथास्तु म्हणतं, असं तू सांगायचीस. म्हणून कुणी घरातून जायचं नाही, सगळ्यांनी 'येतो' म्हणायचं. दुकान बंद करायचं नाही, वाढवायचं. बाबा एकदा वाडीवर निघताना वैतागून म्हणाले, "मरो तो पाऊस," तर तू त्यांना फाटकातून परत बोलावलंस, खाटेवर बसवलंस, पाणी पाजलंस आणि नव्यानं निघायला लावलंस. बिचारे 'येतो' म्हणून दुसऱ्यांदा निघाले. पण हे सगळं परवडलं. वाईट बोललं की वाईट होतं, हे कुणालाही पटतं. चांगलं बोललं की त्याहून वाईट होतं, हे मात्र तुझं खास शास्त्र होतं. पोरीला देखणी म्हटलं की ताप येतो. गाईला दुधाळ म्हटलं की ती आटते. पिकाला बहार म्हटलं की कीड ऐकते. त्यामुळं आपल्या घरात सगळंच बेकार होतं. पोरगी बेकार, गाय बेकार, मेथी तर इतकी बेकार की विचारू नये.

आणि तू होतीस भाजीवाली! अकोल्याच्या भाजीबाजारात गोणपाट टाकून बसायचीस. बाबा वाडी पिकवायचे, तू विकायचीस. मेथी, पालक, वांगी आणि सांबार. कोथिंबिरीला तू शेवटपर्यंत सांबारच म्हणालीस, आणि मीही घरात तेच म्हणते, पुण्याहून शिकून आलेली तुझी नात हसते तरी. आता आपल्या मालाला चांगलं म्हणायचं नाही असं ठरवलेल्या बाईनं बाजारात ओरडायचं काय? गिऱ्हाईक विचारायचं, "मेथी ताजी हाय का वो?" तू म्हणायचीस, "कायची ताजी! पडून हाय कालपासून. घ्याची त घ्या." मेथी पहाटे कापलेली असायची, पानांवरचं दव अजून ओलं असायचं. नवीन गिऱ्हाईक पुढं निघून जायचं. जुनं गिऱ्हाईक मुकाट्यानं पिशवी पुढं करायचं.

बाजू सांभाळली ती चाचांनी. तुझ्या उजव्या हाताला त्यांचा फळांचा गाडा होता, संत्री, मोसंबी, थंडीत पेरू. तारीफ करायला त्यांची हरकत नसायची, फक्त आधी 'माशाअल्लाह' म्हणायचं, म्हणजे नजर जागीच विरते, असं त्यांचं म्हणणं. पण स्वतःच्या मालाची तारीफ स्वतः केली की बरकत जाते, हे त्यांनाही वाटायचं. तेव्हा तुम्ही दोघांनी मिळून अख्ख्या बाजारात कुणी केली नसेल अशी अदलाबदल केलीत. त्यांच्या संत्र्यांसाठी तू ओरडायचीस, तुझ्या मेथीसाठी ते. अजून कानात आहे. तू पदर खोचून उभी आहेस आणि सांगते आहेस, "अव बाई, या भाऊची संत्री खाऊन त पाहा! साखर हाय, नुसती साखर!" आणि गाड्यामागून चाचांचा आवाज येतो आहे, "भाभी की मेथी ले लो! माशाअल्लाह, ओस अभी सूखी नहीं!" नवखी माणसं गोंधळायची. संत्र्यांचा भाव तुला विचारायची आणि मेथीचा चाचांना. तुम्ही दोघं हातानंच एकमेकांकडं बोट दाखवायचात. शाळा सुटली की मी तिथं येऊन जुड्या बांधायला बसायचे, आणि माझं अर्धं बालपण हे असं उलटंसुलटं ऐकण्यात गेलं.

गाईचा किस्सा आठवतो ना? मी चौथीत असेन. त्या दिवशी चाचा नमाजाला गेलेले, गिऱ्हाईक नाही, आणि मला आला जोर. उभी राहून ओरडले, "घ्या घ्या, आमची मेथी, सगळ्या बाजारात एक नंबर!" तू झेप घेऊन माझं तोंड दाबलंस. थू थू केलंस. डोळे असे वटारलेस की मी रडायचंच विसरले. मग म्हणालीस, "माती टाकली व पोट्टे तू मेथीत! आता पाय काय होते ते." आणि झालं बरं का! तू माझ्यासाठी पाण्याचा लोटा भरायला वळलीस तेवढ्यात मागून एक मोकाट गाय आली आणि मेथीचा सगळा ढीग तिनं उभ्या उभ्या फस्त केला. तू एकदा गाईकडं पाहिलंस, एकदा माझ्याकडं. चाचा परत आले, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "पण भाभी, गाईले मराठी समजते का?" तू म्हणालीस, "बाजारातली गाय हाय ते. तिले सगळं समजते." मी मात्र पुढची कित्येक वर्षं ती गाय माझ्याच जिभेनं बोलावली, असं धरून चालले. शास्त्राच्या तासाला पोरांना कार्यकारणभाव शिकवताना आजही मला ती गाय दिसते. पोरांना मी सांगते की एकामागून एक घडलं म्हणजे एकामुळं दुसरं घडलं असं नसतं. सांगते, आणि मनात म्हणते, पण ती गाय?

आता दहावीच्या निकालाचा दिवस. पहिल्या वर्गात पास झाले म्हणून मी शाळेपासून बाजारापर्यंत पळत आले, एक चप्पल वाटेतच तुटली, ती हातात घेऊन. तू माझी गुणपत्रिका पाहिलीस. तुला वाचता येत नव्हतं, पण आकडे कळायचे. आणि तू म्हणालीस, "गणितात काऊन कमी पडले?" बस. मग वांगी नीट लावत बसलीस. ती नीटच लावलेली होती. माझा चेहरा पडला तेवढ्यात चाचा उठले, गाड्यावर चढले आणि साऱ्या ओळीला ऐकू जाईल असं ओरडले, "माशाअल्लाह! हमारी बेटी फर्स्ट क्लास आई! अंधार असतानाच उठते, आधी मेथीच्या जुड्या बांधते, फिर पढती है! अक्षर देखो इसका, मोती! और एक बार भी नहीं बोली की माँ, आज नहीं बांधूंगी!" आणि हाताला येतील ती संत्री वाटत सुटले. मला इतका आनंद झाला, माय, की तो चाचांवरच सगळा सांडला. घरी येताना तुझ्याशी बोलले नाही. पहाटे मी कधी उठते, आधी काय करते, हे बाजारात बसणाऱ्या चाचांना कसं कळतं, हा प्रश्न काही माझ्या डोक्यात आला नाही. मोठ्या माणसांना सगळं माहीत असतं, असं वाटायचं वय होतं.

पाहुणे मला पाहायला आले, तो दिवस तर मी शाळेच्या स्टाफरूममध्ये दरवर्षी एकदा तरी सांगते आणि दरवर्षी लोक हसतात. मामांनी स्थळ आणलं होतं. मामा पुण्यात नोकरीला, तिथलं नीटनेटकं बोलणं शिकलेले, त्यांनी तुला आधीच बजावलं होतं की ताई, मुलीचे चार गुण सांग. अमरावतीहून मुलगा, त्याची आई आणि काका आले. मी पोहे घेऊन बाहेर आले आणि तू सुरू झालीस. "खारट झाले असतीन. हिच्या हाताले मीठ समजतच नाही." मामांनी खाकरलं. तू पुढं म्हणालीस, "रंग त तुमी पाहूनच राहिले. अन् वाचत बसली का मंग घर जळलं तरी उठत नाही." मामांच्या कपाळावर घाम. मी खाली मान घालून फरशी मोजते आहे. मग मुलाच्या आईनं बशी खाली ठेवली आणि म्हणाली, "अव ताई, तुमची बरी म्हना! आमच्या पोट्ट्याले त स्वतःचा रुमाल सापडत नाही. बँकेत खुर्चीवर बसते म्हून लोक साहेब म्हन्तात. घरी निरा भोपळा हाय." तू सरसावून बसलीस. म्हणालीस, "हिले भाकर गोल येत नाही." ती म्हणाली, "त्याले गोल भाकर असो का चौकोनी, समजतच नाही." अशा तुम्ही दोघी अर्धा तास आपापल्या लेकरांची बदनामी करत होतात, चढाओढीनं, आणि दोघींचेही चेहरे उजळत चालले होते. उठताना ती म्हणाली, "पोरगी काही खास नाही, पन आता आलोच आहो त घेऊन जाऊ." तू म्हणालीस, "पोरगा बी तसाच हाय. चालवून घेऊ." मामा कपाळाला हात लावून चपला शोधत होते, स्थळ मोडलं म्हणून. तू आतून साखर आणून त्यांच्या हातावर ठेवलीस तेव्हा त्यांना कळलं की सोयरीक जमली. सासूबाईंचं आणि माझं पुढं शेवटपर्यंत छान जमलं. ती आयुष्यभर मला 'काही खास नाही'च म्हणायची, आणि त्यातला लाड मला कळायचा, कारण ती भाषा मला तू शिकवलेली होतीस.

मग तुझी नात झाली. तू दवाखान्यात आलीस, दुपट्यात डोकावलीस आणि अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणालीस, "अव बाप्पा, निरं माकडाचं पिल्लू!" नर्स थिजल्या. मी बाळंतीण, अंगात त्राण नाही, तरी मला हसू आलं आणि थोडं रडूही आलं. मला वाटत होतं की आज तरी तू चुकून काहीतरी बोलशील. संध्याकाळी तू अकोल्याला परत गेलीस आणि दुसऱ्याच दिवशी तुझ्याबरोबर चाचा चाचींना घेऊन एसटीनं आले. चाचांनी बाळाला हातात घेतलं, आधी माशाअल्लाह म्हणाले आणि मग म्हणाले की नाक आजीसारखं आहे, कपाळ आईसारखं आहे, आणि ही पोरगी लोकांना उभं करील. काय सुंदर बोलतात चाचा, असं मी तुलाच म्हटलं. तू म्हणालीस, "हो, त्याले सवय हाय." आणि बाळाच्या कानामागं काजळाचं बोट लावलंस.

तू गेलीस तेव्हा ती पहिलीत होती. त्या दिवशी अंगणात जमलेली माणसं तुझ्याबद्दल भरभरून चांगलं बोलत होती. हात सढळ होता, जीभ तिखट पण मन साफ, असं काय काय. मला सारखं वाटत होतं की तू आता उठून बसशील आणि सगळ्यांवर थू थू करशील. मी त्या दिवशी काहीच बोलले नाही. चाचाही बोलले नाहीत. एका कडेला नुसते बसून होते.

मागच्या आठवड्यात उद्घाटनाची पत्रिका द्यायला अकोल्याला गेले. चाचा आता फार थकलेत. नातवानं पक्कं दुकान टाकलंय, तिथं खुर्चीत बसून असतात, गिऱ्हाईक आलं की हात वर करून सलाम करतात. मला ओळखायला थोडा वेळ लागला. ओळखल्यावर आधी संत्रं सोलून हातात दिलं. मी पत्रिका दिली, आणि बोलता बोलता ते एका वाक्याचं संकटही सांगितलं. म्हटलं, चाचा, तुम्हीच या आणि तुम्हीच बोला. तुम्ही माझ्याबद्दल लहानपणापासून इतकं चांगलं बोललात, आता तिच्याबद्दल बोला. मला नाही जमत, आमच्या मायनं कधी केलंच नाही. चाचांनी पत्रिका मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "बेटी, तुझे अब तक मालूम नहीं?"

आणि त्यांनी सांगितलं. रोज संध्याकाळी दुकान वाढवायच्या आधी, गोणपाट झटकताना, तू त्यांच्या गाड्याशी जायचीस. संत्र्यांकडं तोंड करून, हळू आवाजात सांगायचीस. आज पोट्टी अशी वागली, आज तिनं हे केलं, पहाटे उठली, तोंडातून चकार शब्द काढला नाही, अक्षर मोत्यावानी हाय. सगळं सांगून झालं की थू थू करायचीस आणि म्हणायचीस, "भाऊ, तुमी तुमच्या देवाचं नाव घेऊन म्हना. माह्या तोंडानं निघत नाही, अन् तिले आयकू त आलं पायजे." दहावीच्या निकालाच्या दिवशी तू तर त्यांना सकाळीच सांगून ठेवलं होतंस की पास झाली तर काय काय ओरडायचं. बाळाला बघायला त्यांना एसटीत बसवून आणलं तेही तूच. नाक, कपाळ आणि 'लोकांना उभं करील', सगळं पाठ करून घेतलं होतंस. चाचा म्हणाले, "मैं तो भोंगा था, बेटी. अंदर रेकॉर्ड तेरी माँ की बजती थी."

माय, मी तिथं दुकानात, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, अर्धं संत्रं हातात धरून रडले. नातू घाबरून पाणी घेऊन आला. आयुष्यभर मला वाटत होतं की तुझ्याकडून मला एकही चांगला शब्द मिळाला नाही, आणि मिळाले होते सगळे तुझेच. मी डोळे पुसून म्हटलं, मग चाचा, आता तर तुम्हालाच यायला हवं. ते म्हणाले, "ना. मैं तेरी माँ का भोंगा था, तेरा नहीं. तू मास्तरीण हाय, तुले तोंड हाय. माशाअल्लाह बोलके शुरू कर. उसको जात नहीं लगती." आणि निघताना मला 'येते' म्हणायला लावलं, ते तुझ्यासारखंच.

तर अशी मी इथं दुपारची, स्वयंपाकघरात, कुकरची वाफ जायची वाट बघत तुला हे लिहिते आहे. वाक्य अजून सापडलेलं नाही.

माय, पत्र मध्येच राहिलं होतं. उद्घाटन होऊन गेलं, आता पुढचं सांगते. सकाळची वेळ, गाळा माणसांनी भरलेला, शेजारपाजारचे, माझ्या शाळेतले, गुडघेदुखीचे तिचे पहिले उमेदवार. माईक भाड्यानं आणला होता. तिनं माझं नाव घेतलं आणि निळ्या चेंडूशेजारी जाऊन उभी राहिली, हाताची घडी घालून, लहानपणी बक्षीस मिळेल का म्हणून उभी राहायची तशी. मी माईक हातात घेतला. म्हटलं, "माझी मुलगी..." मनातल्या मनात माशाअल्लाह म्हटलं. पुन्हा म्हटलं, "माझी मुलगी फार हुशार आहे."

आणि लाइन गेली.

पंखा थांबला, दिवे गेले, माईक मेला. मागून एक आजोबा म्हणाले, "इन्व्हर्टर नाही घेतला का?" आणि सगळे हसायला लागले. मला मात्र ती गाय दिसली, माय, खरंच दिसली, मेथी चघळत माझ्याकडं बघणारी. मी थू थू करायला तोंड वळवलंसुद्धा. तेवढ्यात अंधुक उजेडात ती म्हणाली, "आई, थांबू नको. माईक नको, तशीच बोल." आवाज हसरा नव्हता. मग मी माईक खाली ठेवला आणि माझ्या स्वतःच्या आवाजात बोलले. म्हटलं, ही नववीत असताना हिच्या आजीला, माझ्या सासूबाईंना, लकवा झाला. सगळ्यांनी सांगितलं की आता खाट सुटायची नाही. ही शाळेतून आली की आजीसमोर खुर्ची ठेवायची, तिचे हात खुर्चीच्या पाठीवर ठेवायची आणि म्हणायची, उठ म्हातारे, नाटक पुरे. आजी शिव्या द्यायची. ही ऐकून घ्यायची आणि पुन्हा म्हणायची, उठ. एके दिवशी आजी खुर्ची ढकलत ओट्यापर्यंत आली आणि मला म्हणाली, तुही पोरगी काही खास नाही. तेव्हा हिला कुणी शिकवलं नव्हतं. मी स्वयंपाकघरातून रोज बघत होते. मला तेव्हाच म्हणायचं होतं, आज म्हणते, की हिच्यासारखी पोरगी मला मिळाली, याचा मला फार अभिमान वाटतो. एवढं बोलले. लाइन काही आली नाही. पण काही वाईटही झालं नाही, बरं का. छत जागेवर राहिलं. गाय आली नाही.

ती जवळ आली, माझा हात घट्ट धरला. डोळे भरलेले. मला वाटलं, आता गळ्यात पडते. तर म्हणाली, "किती लांबवलं व आई! लोकाइचे पोहे थंडे झाले." अगदी तुझा आवाज, तुझी मान. पुण्यात इतकी वर्षं राहूनही तो धुतला गेलेला नाही. मला इतकं हसू फुटलं की मलाच त्या निळ्या चेंडूवर बसायची वेळ आली. आणि एक तुलाच सांगते, पाहुणे गेल्यावर मी दाराच्या वरच्या चौकटीला लिंबू-मिरची बांधून आले. तिनं विचारलं तर म्हटलं, शोभेसाठी.

आता उरलीस तू. त्या दिवशी अंगणात मी गप्प बसले होते, म्हणून आज म्हणते. आता तुला कुणाची नजर लागायची नाही, कीड लागायची नाही, ताप यायचा नाही. जिवंत माणसाला म्हणायची हिंमत एकदाच झाली, तुझ्या बाबतीत तर घाबरण्याचं काही कारणच नाही. तू फार चांगली होतीस, माय. तुझी मेथी खरोखर बाजारात एक नंबर होती. तुझ्याइतकं माझ्यावर कुणी प्रेम केलं नाही, आणि ते शेजारच्या गाड्यावरून का होईना, रोजच्या रोज माझ्यापर्यंत पोचत होतं. हे पत्र मी कुठं धाडू? तुझा पत्ता नाही, आणि चाचांना वाचून दाखवलं तर ते हे सगळं बाजारभर ओरडतील. पिठाच्या डब्याखाली ठेवते.

आणि सुरुवातीला ते मिठाचं लिहिलं ना, ते खोटं आहे. तुझ्या भाजीत मीठ कधीच जास्त नव्हतं, अगदी बरोबर असायचं. पुढं एवढं चांगलं लिहिणार होते, म्हणून आधी काजळाचं बोट लावून ठेवलं होतं.